दान द्यावे, दुही पेरू नये



आपल्या बौद्धवाड्यात पाण्याची टाकी बांधावयाचे ठरले आहे, असे समजा. वाडा साक्री तालुक्यातला, पिंपळनेरच्या आसपासचा. वस्ती सुधारणेच्या योजनेतून पैसा मंजूर झाला आहे, ठेकेदार येऊन जागा पाहून गेला आहे. वाड्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला, भिल्ल कुटुंबांची वीस-पंचवीस घरे आहेत. तेथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. योजना आपल्या नावाची आहे, त्यांच्या नावाची नाही. टाकी उभी राहील, तोट्या बसतील, आणि चैत्र-वैशाखातल्या एका सकाळी त्या वस्तीतली एक बाई रिकामा हंडा घेऊन आपल्या तोटीपाशी येऊन उभी राहील. तिला आपण काय सांगणार?

घाईने उत्तर देऊ नका. आपल्या आजीला विचारा. विहिरीच्या काठापासून दहा हात दूर उभे राहून, कोणी तरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट पाहणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे. ती वाट पाहणारी बाई आता आपल्या दारात आली आहे आणि काठावर आपण उभे आहोत. आपल्या दीक्षेची खरी परीक्षा अशा वेळी होते.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नाही. शासनाने पैसा दिला तो गरजूंना दिला. आपण टाकी मागितली ती हक्काने मागितली. तरीही ती टाकी दोन गरीब वस्त्यांमध्ये एक भिंत उभी करू शकते. मदत कधी एकटी येत नाही, हे मला तुम्हांला सांगावयाचे आहे. पाण्याबरोबर, धान्याबरोबर, घरकुलाबरोबर ती एक निरोप घेऊन येते : तुम्ही यादीत आहात, ते नाहीत. वस्तू वापरून संपते, पण तो निरोप लोकांच्या मनात राहतो. म्हणून मदत आखताना "किती द्यावे" याच्या आधी "कसे द्यावे" हा प्रश्न सोडवला पाहिजे.

आपल्याच खानदेशातली एक घटना आठवा. २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. धुळ्याकडच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. तेथल्या आपल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह धरला होता. स्थानकावर हार घातले गेले, पण पुढे हालचाल होईना. सुमारे तासभर वाट पाहिल्यावर टांगा आला. थोड्याच अंतरावर तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या, कठडा नसलेल्या मोरीवर टांग्याचे चाक दगडावर आपटले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

कारण नंतर कळले. महाराला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. पाहुण्याला पायी न्यावे, हे आपल्या लोकांना मानवेना. शेवटी तडजोड निघाली : टांगेवाला टांगा भाड्याने देईल, स्वतः हाकणार नाही. आपल्यातलाच एक जण हाकावयास बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता.

या गोष्टीत टांगेवाल्याचा उद्दामपणा आपल्याला चटकन दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे. पण दुसरी बाजूही पाहा. आपल्या लोकांच्या प्रेमात तिळमात्र उणीव नव्हती. उणीव विचारात होती. भांडण टाळण्यासाठी त्यांनी टांगेवाल्याची अट मान्य केली, आणि त्या अटीचा सगळा धोका पाहुण्याच्या अंगावर टाकला. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, त्याला विचारलेसुद्धा नाही. आजही अनेक योजना अशाच आखल्या जातात. गावातल्या बळकटांची एक अट मुकाट्याने पाळली जाते आणि तिची किंमत ज्याला मदत करावयाची तोच चुकवतो. नुसती करुणा टांगा हाकू शकत नाही. तिच्याजवळ प्रज्ञा बसावी लागते.

आता मोठ्या मदतकार्यांकडे या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेने कर्ज दिले, देशभरातून संस्था धावून आल्या. काम प्रचंड होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण घरे कशी वाटली? जमिनीच्या मापाने. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे, गुरे ठेवावयास जागा लागते, असा त्यामागचा हिशेब. हिशेब खोटा नव्हता. पण भूमिहीन कोण, हे तुम्हांला सांगावयास नको. भूकंपाने वाडा आणि खोपट दोन्ही सारखीच पाडली होती. नवे गाव वसवताना जुनी उतरंड मोडण्याची संधी होती. त्याऐवजी ती पुन्हा पक्क्या बांधकामात उभी राहिली.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टिणमसारख्या जिल्ह्यात, असेच घडले. मदतीचा मुख्य ओघ मच्छीमारांकडे गेला, कारण समुद्राने त्यांची माणसे आणि नावा नेल्या होत्या. पण किनाऱ्यालगत मजुरी करणाऱ्या दलितांचीही माणसे गेली होती, रोजगार बुडाला होता. नाव बुडाली तर ती नोंदवता येते, बुडालेल्या मजुरीची नोंद कोण करणार? कित्येक ठिकाणी दलितांना मदतीच्या छावण्यांत बरोबर राहू दिले नाही, त्यांना वेगळा निवारा शोधावा लागला. संकटाने दोन समाज एकाच किनाऱ्यावर आणले, आणि मदतीच्या रांगेने त्यांच्यातले अंतर वाढवले.

युद्धग्रस्त देशांतल्या मदतकार्यांचा अभ्यास करून मेरी अँडरसन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जेथे लोक भांडतात तेथेही त्यांना तोडणाऱ्या गोष्टींच्या जोडीला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी असतातच; एकच बाजार, एकच रस्ता, एकच दवाखाना. मदत या दोहोंपैकी कशाला तरी बळ देते. ती कोणाला नोकरी देते, कोणाचे गोदाम भाड्याने घेते, कोणाला पुढारी मानून त्याच्याशी बोलते, या सगळ्याचा परिणाम होतो. आपण तटस्थ आहोत, असे मदत करणाऱ्याने म्हटल्याने तो तटस्थ ठरत नाही.

येथे तुमच्यापैकी कोणी तरी उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे : "मग काय, भांडण नको म्हणून आम्ही हक्क सोडावयाचा? गावाला राग येईल म्हणून विहिरीला वेगळा काठ मागावयाचा?"

नाही. याचे उत्तर बाबासाहेबांनी आचरणाने आणि लेखणीने दिले आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते, पाणी मात्र कोणी प्यायले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी ते पाणी घेतले तेव्हा वाद पेटला. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलटून हात उचलू दिला नाही. पण हक्कही सोडला नाही. न्यायालयात दहा वर्षे झुंज दिली आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल मिळवला.

पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तिचे चिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून एक सविस्तर पत्र लिहिले. त्यावर १४ नोव्हेंबर १९३२ ही तारीख आहे. मदतकार्य कसे आखावे याविषयीचेच ते पत्र आहे, म्हणून ते प्रत्येकाने वाचावे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : अस्पृश्यांना वाचनालये, व्यायामशाळा, पतपेढ्या देऊन एकेका माणसाला सुधारणे हा एक मार्ग. विहीर, शाळा, चावडी, वाहन यांवर त्यांचा हक्क प्रत्यक्षात आणून भोवतालचा समाज बदलणे हा दुसरा. पहिल्या मार्गाला कोणी विरोध करणार नाही, म्हणून तो सोपा वाटतो. दुसऱ्या मार्गाने दंगा होईल, कदाचित रक्तही सांडेल. तरीही दुसराच मार्ग धरला पाहिजे, कारण सोप्या वाटेने जाऊन अस्पृश्यता निघणार नाही.

तेव्हा वादांत फरक करावयास शिका. एक वाद दुसऱ्याच्या अन्यायामुळे होतो. आपण न्याय्य पाऊल टाकले आणि कोणाचा अहंकार दुखावला, तर तो वाद अंगावर घ्यावा लागतो. तयारीने, कायद्याने आणि द्वेषाशिवाय. दुसरा वाद आपल्या निष्काळजीपणामुळे होतो. यादी चुकली, जागा चुकली, कोणाला विचारले नाही, आणि दोन दुबळे एकमेकांच्या गळ्याला लागले. पहिला वाद टाळणे हा भित्रेपणा होय. दुसरा वाद होऊ देणे हे अकुशल कर्म होय. टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईबरोबर आपला जो वाद होईल तो या दुसऱ्या जातीचा आहे. तिने आपला हक्क नाकारलेला नाही. ती आपल्यासारखीच तहानलेली आहे. आणि एक गोष्ट पक्की समजा : दोन वाडे पाण्यावरून भांडू लागले की ज्याच्या मळ्यात दोन्ही वाडे मजुरीला जातात, तो निश्चिंत होतो.

हा दुसरा वाद टाळावयाचा कसा? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण पाण्याच्याच तंट्यात दाखवले आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही रोहिणी नदीचे पाणी शेतीला घेत. आधी कोणी घ्यावे, किती घ्यावे यावरून मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली, आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. त्याने नुसती शांती असावी असा उपदेश केला नाही, एक व्यवस्था सुचवली : आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि पाचांनी निवाडा करावा. आपल्या बाजूचीही चूक असू शकते, हे त्याने भर संघात सांगितले. ठराव त्याच्याविरुद्ध गेला, पण युद्धात सामील होण्यापेक्षा त्याने घर सोडणे पत्करले.

असे शहाणपण आपल्या मातीतही आहे. पिंपळनेरवरून वाहणाऱ्या पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि पीक फडाफडांतून फिरते. बऱ्याच खातेदारांची जमीन एकाहून अधिक फडांत असते. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर नुकसान एकट्या शेवटच्या माणसाचे होत नाही, सगळ्यांचे थोडे थोडे होते. पाटावर लक्ष ठेवावयास पाटकरी नेमलेला असतो. टंचाई आल्यावर काय करावयाचे, हे टंचाई येण्यापूर्वी ठरलेले असते. वाद टाळण्याचे हे मोठे मर्म आहे.

पण फडाकडेही आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. ज्याला जमीन नाही, त्याला फडात वाटा नाही. ही उणीव दुसऱ्या एका प्रयोगाने भरून काढली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचा नियम असा की पाण्याचा हिस्सा जमिनीच्या मापाने ठरत नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने ठरतो, आणि भूमिहीनालाही हिस्सा आहे. जमिनीचे माप सोडून माणसाचे माप धरता येते, हे महाराष्ट्राच्याच कोरड्या माळावर दिसून आले.

माणसे एकमेकांना ओळखत नसतील तर काय होते, हेही पिंपळनेरच्या परिसराने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. राईनपाडा या आदिवासी गावात बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मारणारे गरीब, मरणारे त्यांच्याहून गरीब. महाडला अफवेने वरच्यांना खालच्यांवर घातले होते, येथे तिने तळातल्यांना तळातल्यांवर घातले. नंतर मृतांच्या कुटुंबांना शासनाने पैशाची मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती. पण भीती आणि अनोळख पैशाने पुसली जात नाही. त्यासाठी लोकांना एका ठिकाणी, एका कामासाठी, बरोबरीने बसावे लागते. पाणवठा हे तसे ठिकाण होऊ शकते, आणि तेच ठिकाण वैराचेही होऊ शकते.

म्हणून कोणतीही मदत मागताना, घेताना किंवा देताना हे प्रश्न विचारा. शासनाच्या योजनेला विचारा, आणि मुंबई-नाशिकला नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी गावासाठी वर्गणी जमवली असेल तर तिलाही विचारा.

पहिला : यादी कोणी केली, आणि यादीबाहेर कोण राहिले? बाहेर राहिलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना ते आपण सांगितले का, की त्यांना ते ठेकेदाराकडून कळणार आहे?

दुसरा : ठरवताना कोण बसले होते? बायका होत्या का? पाणी त्या भरतात आणि जागा पुरुष ठरवतात, हे आपल्या वाड्यातही घडते.

तिसरा : मदत कोणाच्या दारात उतरते आणि किल्ली कोणाकडे राहते? ज्याच्या हातात किल्ली, तो नवा पाटील होतो. तो बौद्ध असला तरी होतो.

चौथा : कोणाची अट आपण मुकाट्याने पाळतो आहोत, आणि तिची किंमत कोण चुकवणार? चाळीसगावचा टांगा विसरू नका.

पाचवा : पाणी कमी पडले, पंप बिघडला, हिशेबावर शंका आली, तर निवाडा कोण करणार? दोन त्यांचे, दोन आपले, पाचवा सर्वांच्या पसंतीचा, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवा.

या कसोटीवर आपली टाकी लावून पाहू. पैसा आपल्या वस्तीसाठी मंजूर आहे. तो परत करा, असे मी म्हणत नाही. तो आपल्या हक्काचा आहे. पण काम सुरू होण्यापूर्वी आपली चार माणसे, त्यांत दोन बाया, नाल्यापलीकडे जाऊ शकतात. आदिवासींसाठी शासनाच्या वेगळ्या योजना आहेत. त्यांतून त्यांच्या वस्तीपर्यंत नळ न्यावा, अशी मागणी दोन्ही वाड्यांनी मिळून ग्रामसभेत करावी. ती मागणी मान्य होईपर्यंत आपल्या टाकीची एक तोटी नाल्याच्या बाजूला बसवता येते. पाणी मोजकेच असेल. त्यांना दिले तर आपले दोन हंडे कमी होतील, हे खरे आहे आणि ते लपवू नये. वाड्याच्या बैठकीत ते उघडपणे बोलावे, वेळ आणि हंडे ठरवून घ्यावेत. कोणी म्हणेल, "आम्हांला कोणी दिले होते?" त्याचा राग समजून घ्या, पण त्याचे म्हणणे मान्य करू नका. कोणी दिले नाही म्हणूनच तर आपण तो धर्म सोडला.

१९७२ साली बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली तेव्हा प्रश्न गावाला विचारला होता : बौद्धवाड्याला आपल्या विहिरीवर येऊ देता का? आज तो प्रश्न काही ठिकाणी आपल्यालाही लागू होतो.

बुद्धवंदनेला आपण दर रविवारी बसतो, पंचशील घेतो, सर्वांचे मंगल होवो असे म्हणतो. त्या 'सर्वां'त नाल्यापलीकडची ती बाई आहे. ती तोटीपाशी येईल त्या सकाळी तिला "ही तुमची नाही" असे सांगावे लागू नये, आणि "घे बाई, आमच्या उपकाराने" असेही सांगावे लागू नये. "रांगेत उभ्या राहा ताई, तुमचा नंबर ठरलेला आहे," एवढेच सांगता यावे. त्यासाठीची बैठक या उन्हाळ्यापूर्वी घ्या.

जय भीम.